उसन्या श्वासाचं वाक्य

वडशाच्या आठवडी बाजारात केवळराम दोनाडकर वांगी निवडत होता आणि वांगीवाली त्याचा उद्धार करत होती.

"म्हाताऱ्या मायले घराबाहेर काढतेस गा? आन् इथं वांगे दाबून दाबून पायतेस! लाज नाही वाटत?"

"मावशी, ते नाटकातलं व्हय," केवळराम काकुळतीला आला. "माझी माय घरी पापड लाटून रायली. येऊन पाय पायजे तर."

"नाटकातलं असो नाहीतर कुठलं. तोंड तुझंच होतं ना?"

केवळरामने शेजारी पिशवी धरून उभ्या असलेल्या माणसाकडे बोट केलं. "तोंड माझं, शब्द याचे! याले विचार!"

वांगीवालीने त्या माणसाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. उंच, किंचित वाकलेला, पांढरे केस, आणि बाजारात उभं राहायचीही परवानगी मागितल्यासारखा चेहरा. "कायले गरिबावर ढकलतेस?" ती म्हणाली. "हा माशीलेही हाकलत नसंल." आणि तिने त्याच्या पिशवीत मूठभर कोथिंबीर फुकट टाकली. आजूबाजूचे सगळे खो खो हसले, केवळराम तर सगळ्यांत मोठ्याने. तो पिशवीवाला मात्र हसला नाही. त्याचं नाव शालिकराम नाकाडे, आणि ही त्याची गोष्ट आहे.

झाडीपट्टी म्हणजे विदर्भाचा पूर्वेकडचा, धानाचा आणि जंगलाचा मुलूख. धान घरात आलं की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि मंडई म्हटली की नाटक हवंच. तिथले जावई सासरी येतात ते सासूच्या हातच्या जेवणासाठी की नाटकासाठी, हे सासूलाही विचारू नका. ही नाटकं करणाऱ्या कंपन्यांचं माहेरघर वडसा. आज या गावात खेळ, उद्या त्या गावात, परवा तिसऱ्याच कंपनीत. तालमीला वेळ आहे कुणाला? म्हणून इथले नट आपली वाक्यं पाठ करत बसत नाहीत. रंगमंचाच्या कडेला प्रॉम्प्टर बसतो, तो वाक्य देतो, नट ते झेलतो आणि असं फेकतो की शेवटच्या रांगेतली म्हातारी डोळ्यांना पदर लावते. केवळराम हा या मुलखातला नावाजलेला खलनायक आणि शालिक त्याचा प्रॉम्प्टर. केवळरामला आयुष्यात एकही नाटक पाठ झालं नव्हतं, आणि शालिक असेपर्यंत व्हायचं कारणही नव्हतं.

ही गोष्ट दोन हजार शेहेचाळीस सालची, म्हणजे 'दिवा' आल्यानंतरची. त्या यंत्राचं खरं नाव फार लांबलचक होतं आणि ते कुणी घेत नसे. फोनच्या कोपऱ्यात एक ठिपका असायचा. समोरचा बोलला की तो हिरवा व्हायचा नाहीतर पिवळा. हिरवा म्हणजे वाक्य त्याचं स्वतःचं. पिवळा म्हणजे दुसऱ्याने दिलेलं.

यामागचं विज्ञान तसं सोपं आहे. बोलण्याआधी आपण श्वास घेतो तो वाक्याच्या मापाने घेतो. लांब बोलायचं असेल तर खोल, दोनच शब्द असतील तर उथळ. हा अंदाज आपल्या नकळत आधीच झालेला असतो, कारण आपलं वाक्य कुठे संपणार हे मेंदूला ठाऊक असतं. दुसऱ्याचं वाक्य बोलताना ते ठाऊक नसतं. मग श्वासाचं माप चुकतं, तो एक तर उरतो नाहीतर मध्येच तुटतो, आणि घशाचे स्नायू पुढच्या शब्दाची वाट बघत किंचित ताणलेले राहतात. माणसाच्या कानाला हे कळत नाही, यंत्राला कळतं. दुसऱ्याचं वाक्य महिनोन्‌महिने घोटून अंगात मुरवलं तर तेही हिरवं होऊ शकतं. आणि एक लक्षात ठेवा, खरं-खोटं दिव्याला कळत नाही. स्वतःच्या मनाने रचलेली थाप तो खुशाल हिरवीगार दाखवतो.

या ठिपक्याने लोकांची जी काही त्रेधा उडवली! लग्नात नवरीने उखाणा घेतला की अख्खा मांडव पिवळा. मंत्र्यांची भाषणं पिवळी, शोकसभा तर विचारूच नका. बायकोला 'चुकलं माझं' म्हणणारे नवरे आधी पंधरवडाभर गच्चीवर सराव करू लागले. सिनेमावाले सगळ्यांत जास्त हवालदिल झाले, कारण प्रेक्षक दिवा लावूनच बसायचे आणि पिवळा दिसला की हुर्यो उडवायचे. झाडीपट्टीत पहिल्या वर्षी एक कॉलेजकुमार नाटक चालू असताना फोन उंचावून "पिवळं! पिवळं!" ओरडला, तेव्हा शेजारच्या आजीने त्याच्या पाठीत धपाटा घातला. "पिवळं असो का निळं, रडू येऊन रायलं ना? बस खाली!" झाडीपट्टीत दिव्याचा प्रश्न तिथेच मिटला.

शालिकचा प्रश्न मात्र वेगळा होता. त्याच्या प्रश्नाचं नाव यशोधरा.

पळसफूल नाट्य रंगभूमी ही कंपनी यशोधराबाईंची. एके काळी त्या कंपनीच्या नायिका होत्या, आता आईच्या भूमिका करायच्या आणि गुडघे धरून पायऱ्या उतरायच्या. इतक्या वर्षांत रंगमंचावर त्यांनी शालिककडे कधी वळून पाहिलं नव्हतं. पाहायची गरजच नव्हती. अंधारातून त्याने श्वास घेतला की त्यांना कळायचं, येणारं वाक्य लांब आहे की आखूड. त्या बेताने त्या पदर सावरायच्या.

दिवाळी झाल्यावर एके सकाळी कंपनीच्या ओसरीवर शालूला जरीची किनार शिवता शिवता त्या म्हणाल्या होत्या, "शालिकजी, माझ्याच्यानं आता होत नाही. पुढच्या सीझनपासून कंपनी तुम्ही चालवा. आणि सकाळ-संध्याकाळ ते खानावळीतलं जेवण पुरे झालं. माझ्या घरी या राहायले. लग्न करून या."

शालिकने चहाचा कप खाली ठेवला. त्याचं या बाईंवर प्रेम होतं हो, उगाच आडपडदा कशाला ठेवा. पहिल्या सीझनपासून होतं. आणि तरी तो म्हणाला, "नको, बाई."

"माझ्यासोबत नको, का कंपनी नको?"

"हुकूम देणं नको," शालिक पुटपुटला. "माझ्या हातात सत्ता बरी नाही. मले माहीत आहे मी काय होतो ते."

बाईंनी सुई थांबवली. "कोण, तुम्ही? चहावाल्याले 'जमलं तर अर्धा कप देता का' म्हणणारे तुम्ही?" तो कप विसळायला उठला. तेव्हा त्या सुईत दोरा ओवत म्हणाल्या, "होळीपर्यंत सांगा. तोवर थांबते. नाहीतर मी पाटी उतरवीन आणि पुतणीकडे नागपूरले चालली जाईन."

आता होळी तोंडावर आली होती.

शालिक काय होतो, हे त्याला माहीत होतं कारण ते पुस्तकात छापलेलं होतं. एकोणिसाव्या वर्षी तो नागपुरात शिकत होता. उन्हाळ्याच्या सुटीत मानसशास्त्राचे प्राध्यापक देवपुजारी यांनी एक प्रयोग केला. रिकामं वसतिगृह घेतलं, विद्यार्थी बोलावले, नाणं उडवून अर्ध्यांना वॉर्डन केलं आणि अर्ध्यांना कैद्यांसारखं ठेवलं. वॉर्डनांना टोपी आणि शिटी दिली. बस, एवढंच. बाकी कुणालाही कसलीही सूचना दिली नव्हती, असं पुस्तक सांगतं. थोड्याच दिवसांत ही साधी पोरं राक्षस झाली. सगळ्यांत क्रूर निघाला तो वॉर्डन क्रमांक दोन, म्हणजे आपला शालिक. त्याने एका मुलाला मे महिन्याच्या उन्हात अंगणात उभं केलं, त्याचीच वळकटी त्याच्या डोक्यावर ठेवली आणि म्हणाला, "तू माणूस आहेस असं जोवर तुला वाटतंय, तोवर वळकटी खाली ठेवायची नाही." मुलगा कोसळला आणि प्रयोग थांबला.

त्या वाक्यावर पुढे प्रबंध लिहिले गेले. परीक्षेत प्रश्न आले. प्रयोग धड होता की बनाव, यावर विद्वान एकमेकांच्या उरावर बसले. पण निष्कर्ष कायम राहिला: कुणाच्याही हातात शिटी द्या, आतला पशू आपोआप बाहेर येतो. शालिकने ते वाचनालयात वाचलं, पुस्तक मिटलं आणि नागपूर सोडलं. तेव्हापासून त्याने कुत्र्यालाही हाड म्हटलं नव्हतं. प्रॉम्प्टरचं काम त्याला मानवलं, कारण तिथे बोलायचं ते दुसऱ्याचं आणि तेही हळू.

आणि नशिबाची गंमत पाहा. होळीच्या आधी पुण्याहून नीरज सबनीस नावाचा तरुण दिग्दर्शक वडशाला आला. चित्रपटाचं नाव 'वळकटी'. त्याने मंडईत केवळरामचं काम पाहिलं होतं आणि वॉर्डन दोन म्हणून त्याला दुसरा कुणी सुचतच नव्हता.

"वॉर्डन एकोणीस वर्षांचा होता ना?" केवळरामने आपल्या पोटावरून हात फिरवत विचारलं.

"चेहरा आणि वय आम्ही नंतर बदलतो. पोटही," सबनीस म्हणाला. "आवाज आणि श्वास मात्र बदलता येत नाही. दिव्याला कळतं."

"ठीक. पण माझा प्रॉम्प्टर पायजे. याच्याशिवाय मी मुका."

शालिकला कुठला चित्रपट, कसला चित्रपट, काही ठाऊक नव्हतं. केवळरामच्या फटफटीवर मागे बसून तो जुन्या राइस मिलच्या गोदामात पोचला, आणि समोर पाहतो तर वसतिगृहाचं तेच अंगण. तशीच टोपी, तशीच शिटी, आणि निळ्या पट्ट्यांच्या सतरंजीची तशीच वळकटी. तो दारातच खाली बसला.

"काय झालं गा?" केवळराम म्हणाला.

"ऊन लागलं."

"आत्ता सकाळचं कोणतं ऊन? चल, मले काय बोलायचं ते पाय."

पळून जावंसं फार वाटलं. पण केवळराम त्याच्या भरवशावर उभा होता, आणि नटाला वाक्याविना उभं ठेवणं हे प्रॉम्प्टरच्या दृष्टीने महापाप. शालिक पाण्याच्या मोठ्या ड्रमामागे कागद घेऊन बसला. आयुष्यात जे वाक्य विसरायला तो धडपडला होता, तेच आता त्याला दुसऱ्याच्या तोंडात घालायचं होतं.

कॅमेरा सुरू झाला. शालिक कुजबुजला, केवळरामने झेललं, आणि काय फेकलं म्हणता! वळकटी घेऊन उभ्या असलेल्या नटाच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. चहावाला चहा ओतायचा विसरला. सबनीस टाळ्या वाजवणार, तेवढ्यात ध्वनियंत्रापाशी बसलेल्या तस्नीम मुजावरने मान हलवली. ती आवाजाची शास्त्रज्ञ, कोल्हापूरची, दिव्याच्या सुधारित यंत्रावर तिनेच काम केलं होतं.

"पिवळा," ती म्हणाली.

पुन्हा घेतलं. पिवळा. पुन्हा घेतलं. पिवळाधमक.

"केवळरामजी, एवढं एक वाक्य पाठ करा हो," सबनीस हात जोडून म्हणाला. "क्रौर्य आतून आलंय हीच तर सगळी गोष्ट आहे. ते पिवळं दिसलं तर लोक मला फाडून खातील."

केवळरामने मनावर घेतलं. ड्रमाकडे पाठ केली, डोळे मिटून वाक्य घोकलं, शिटी फुंकली आणि गरजला, "तू माणूस आहेस असं जोवर तुला वाटतंय, तोवर... तोवर..." थांबला. मग त्याचा चेहरा उजळला. "तोवर ही पाच एकर जमीन माझ्या नावावर कर!"

सगळं गोदाम हसून लोटपोट झालं. वळकटीवाला नट तर वळकटीसकट खाली बसला. "हे मात्र हिरवं आहे बरं का," तस्नीम डोळे पुसत म्हणाली. केवळराम अभिमानाने म्हणाला, "असणारच. पंधरा नाटकांत बोललो ते."

सबनीस एकटाच हसत नव्हता. "खरं कसं ऐकू येतं ते यांना ऐकवू या. तस्नीम, मूळ ध्वनिफीत लाव. प्रयोगाची."

ती त्याने मोठ्या खटपटीने मिळवली होती. दिव्यावर मात्र कुणी ती तपासली नव्हती. ज्या वाक्याला सगळं जग उत्स्फूर्त म्हणतं, ते तपासायचं कशाला? खरखर झाली, कावळा ओरडला, आणि मग एक कोवळा, चढलेला आवाज आला. "तू माणूस आहेस असं जोवर तुला वाटतंय..."

ड्रमामागे शालिकने कानांवर हात ठेवले.

बाहेर यंत्रावरचा ठिपका पिवळा झाला. तस्नीमने फीत मागे नेली, पुन्हा लावली. यंत्रावर दोन टिचक्या मारल्या. मग म्हणाली, "नीरज, काहीतरी बोल."

"मला वाटतं तुझं यंत्र बिघडलंय."

"हिरवा. म्हणजे यंत्र ठीक आहे." तिने खुर्ची पुढे ओढली. "ऐक. श्वास आखूड घेतलाय. 'जोवर'पाशी तुटतोय. हा मुलगा वाक्य कुठे संपणार याचा अंदाज घेत चाललाय. हे त्याचं वाक्य नाही. त्याला कुणीतरी दिलंय."

"पण कुणालाही सूचना दिली नव्हती!"

"असं पुस्तक म्हणतं," तस्नीम म्हणाली. "पुढे ऐकू या. पुस्तकं इथेच थांबतात, पण फीत चालू आहे."

धप्प असा आवाज आला. कुणीतरी ओरडलं. आणि मग तोच कोवळा आवाज, पण आता भेदरलेला, भरभर: "अरे धरा त्याला! पाणी आणा, पाणी! ती वळकटी माझ्याकडे दे, त्याच्या जागी मी उभा राहतो, पण आधी त्याला सावलीत न्या रे!" ठिपका हिरवा झाला आणि हिरवाच राहिला. मागून एक भारदस्त आवाज आला, "वॉर्डन, आपल्या जागेवर जा." आणि पोरगा म्हणाला, "नाही जात, सर."

हिरवा. अगदी भाताच्या रोपासारखा.

ड्रमामागून कुणीतरी हुंदका दिला. सगळे वळले. शालिक उठून उभा राहिला होता, कागद हातातून गळून पडले होते आणि चेहरा रडण्या-हसण्याच्या मध्ये कुठेतरी अडकला होता.

"तो आवाज माझा आहे," तो म्हणाला.

"तुझा?" केवळरामचं तोंड उघडंच राहिलं. "अबे, तू तर मुंगीलेही 'बाजूला सरकता का जी' म्हणतोस!"

तस्नीमने त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि हळूच विचारलं, "काका, आठवून बघा. त्या आधी कुणी काही बोललं होतं तुमच्याशी?"

शालिकने डोळे मिटले. आधी काहीच आठवेना. मग चहा आठवला. प्राध्यापकांच्या खोलीतला चहा आणि खारी. एवढ्या मोठ्या माणसाने आपल्याला खारी देऊ केली म्हणून तो किती हरखला होता! खारी चहात बुडवत प्राध्यापक म्हणाले होते, 'एखादा वॉर्डन असंही म्हणू शकेल, नाही का?' आणि वाक्य सांगितलं. त्याच्याकडून ते म्हणवून घेतलं. 'छान. आवाज जरा चढव.'

"आवाज चढव," शालिक डोळे उघडत म्हणाला. "अरे देवा! केवळराम, हे तर मी तुले रोज सांगतो!"

केवळरामने कपाळावर हात मारला. "म्हणजे तो प्राध्यापक तुझा प्रॉम्प्टर होता! आन् तुले इतकी वर्षं कळलं नाही? तुले?"

"नाही कळलं. पुस्तकात उत्स्फूर्त लिहिलं होतं ना." शालिक हसला, पण लगेच गंभीर झाला. "पण तोंड माझंच होतं. तो पोरगा पडला तो माझ्या तोंडाच्या वाक्याने पडला."

"हो," तस्नीम म्हणाली. "ते दिवा पुसत नाही. पण 'नाही जात, सर' हेही तुमच्याच तोंडून आलंय, आणि ते तुम्हाला कुणी दिलं नव्हतं." मग ती जरा पुढे वाकली. "वळकटीवाला मुलगा म्हणजे दिगंबर इंगोले. अमरावतीला असतात, नातवंडं आहेत. या चित्रपटासाठी मी त्यांना भेटले होते. म्हणाले, 'त्या वॉर्डनला शोधून द्या. त्याने माझी वळकटी घेतली आणि सरांशी भांडला, माझ्यावर ओरडला त्याबद्दल एक थोबाडीत मारायची आहे आणि मग मिठी मारायची आहे.' पुस्तकात तुमचं नाव नाही, म्हणून त्यांना सापडला नाहीत."

मग मात्र शालिक रडला. तोंड झाकून, खांदे गदगदा हलवून रडला, आणि केवळराम, तो सर्व सासुरवाशिणींचा कर्दनकाळ, त्याच्या पाठीवरून हात फिरवत त्याच्याहून मोठ्याने रडला. चहावाल्याने न सांगता सगळ्यांना चहा दिला. शालिकसाठी सोबत खारी होती. तो आधी दचकला, मग त्याने ती चहात बुडवून खाल्ली.

सबनीस इतका वेळ कोपऱ्यात डोकं धरून बसला होता. त्याचा चित्रपट बुडाला होता. अचानक तो ताडकन उठला. "पिवळंच हवं!" तो नाचायला लागला. "केवळरामजी, पिवळंच बोला! लोकांना फोनवर पिवळा दिसेल, ते म्हणतील अरे, हा बोलतोय कुणाचं? आणि मग आपण कॅमेरा फिरवून चहा दाखवू, खारी दाखवू, प्राध्यापक दाखवू! आधीचे सगळे टेक ठेवा! फक्त 'नाही जात, सर' तेवढं हिरवं लागेल."

तेवढंच कसलं, तिथेच घोडं अडलं. केवळरामने त्या तीन शब्दांशी दुपारपर्यंत झटापट केली. पिवळं ते पिवळंच. गोदामाबाहेर मटणाच्या रश्श्याचा वास सुटला होता आणि सबनीस म्हणाला, "जेवणाआधी एक शेवटचा. चला, जागेवर जा."

"नाही जात, सर!" केवळराम भडकला. "आधी जेवण!"

तस्नीमने दोन्ही हात वर केले. हिरवा! आणि कॅमेरा चालूच होता. सबनीसने केवळरामचे पाय धरले आणि सगळे जेवायला गेले.

वडसा म्हणजे वडसा. शालिक पायी घरी पोचायच्या आधी बातमी यशोधराबाईंच्या ओसरीवर पोचून तिथे चहाही पिऊन झाली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी सीझनच्या शेवटच्या खेळाचं सामान गाडीत चढत होतं. बाई ट्रंकेवर बसून मुकुटाचे मणी ओवत होत्या. शेजारी त्यांचा फोन पडला होता.

शालिक समोर येऊन उभा राहिला. नवा सदरा, विंचरलेले केस. मागे रंगीत पडदा वाळत घातला होता आणि पडद्याखालून अख्ख्या कंपनीचे पाय दिसत होते.

"बोला," बाई म्हणाल्या.

आयुष्यभर इतरांना वाक्यं पुरवणाऱ्या माणसाला एक वाक्य सुचेना.  अशा वेळी सच्चा नट आपल्या प्रॉम्प्टरला वाऱ्यावर सोडतो का? पडद्यामागून केवळरामची कुजबुज आली, "हे हृदयस्वामिनी..."

"हे हृदयस्वामिनी," शालिक सवयीने म्हणाला, आणि स्वतःच दचकला.

बाईंनी फोनकडे पाहिलं. "पिवळा."

"आपल्या चरणकमलांपाशी," पडदा कुजबुजला.

"आपल्या चरण..."

"पिवळा."

"अबे, हे नको, दुसऱ्या अंकातलं दे त्याले!" पडद्यामागून ऑक्टोपॅड वाजवणारा म्हणाला. "नाही, ते विधवेचं आहे," आणखी कुणी म्हणालं. ऑर्गनवाल्याने वातावरण तयार व्हावं म्हणून एक सूर धरला. मागे बाचाबाची सुरू झाली, पडदा हलायला लागला, तीन जण तीन नाटकांतली वाक्यं एकदम देऊ लागले.

"गप बसा सगळे!" शालिक गरजला. "एक शब्द जरी कुणाच्या तोंडून निघाला ना, तर याद राखा! आणि तो ऑर्गन बंद करा!"

ऑर्गन बंद झाला. गाडीवरचे हमाल पेटी हातात धरून जागच्या जागी थिजले. रस्त्यावरचं कुत्रं बसलं.

शालिकने झटकन तोंडावर हात ठेवला. हा त्याच्या आयुष्यातला स्वतःचा पहिला हुकूम होता. आता पशू बाहेर येईल म्हणून तो वाट बघत राहिला. छातीत धडधड होत होती, कान गरम झाले होते, सकाळपासून काही न खाल्ल्यामुळे पोटात कावळे ओरडत होते. आणखी काहीच नव्हतं. त्याने आत नीट पाहिलं, पुन्हा पाहिलं. कुणी नव्हतं.

पडद्यामागून अतिशय आदराने आवाज आला, "हो जी, मॅनेजर साहेब."

बाईंच्या फोनवर हिरवा ठिपका लखलखत होता. त्यांनी तो शालिकला दाखवला, आणि हसू दाबायचा प्रयत्न करत म्हणाल्या, "हुकूम तर जमला. आता?"

शालिकने श्वास घेतला. खोल, सावकाश, पार पोटापर्यंत. यशोधराबाईंनी तो ऐकला. तीस वर्षं त्या अंधारातून हेच तर ऐकत आल्या होत्या, आणि इतका लांब श्वास त्यांनी कधीच ऐकला नव्हता. त्यांनी मुकुट बाजूला ठेवला, फोन उचलला आणि ट्रंकेवर पालथा घातला. मग सवयीने पदर सावरून त्या बसल्या.

"यशोधरा," तो म्हणाला, "कंपनी मी चालवीन, पण चुकलो, कुणावर विनाकारण ओरडलो, तर 'नाही जात, सर' असं तू मला तोंडावर म्हणायचं, आणि रोज सकाळी चहा मी करीन, अर्धा कप नाही, पूर्ण, आणि लग्नाला अमरावतीच्या इंगोल्यांना बोलवायचं, त्यांना माझ्या थोबाडीत मारायची आहे ती मांडवातच मारू दे, आणि तू नागपूरला जाऊ नकोस, कारण तू पलीकडे नसलीस तर मी ज्याच्यासाठी श्वास घ्यावा असं कुणीच उरत नाही."

पडद्यामागे कुणीतरी नाक ओढलं. बहुतेक केवळरामच होता.

यशोधराबाई डोळे पुसून उठल्या, गुडघा धरला, आणि त्याच्या खांद्यावर हात टेकून म्हणाल्या, "पहिलं काम सांगते, मॅनेजर. पडदा अजून गाडीत चढला नाही, आणि त्याच्यामागे सगळी कंपनी उभी आहे. दोन्ही आत घाला, खेळाले उशीर होऊन रायला."

"चला रे!" शालिक ओरडला, आणि सगळे पळत सुटले.